रागाची साखर

नर्सने एर्मिनियाच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि आकडा असा खणखणीत वाचला की पातळ फळीपलीकडे बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना तो ऐकू गेला.

"दोनशे चौदा. उपाशीपोटीच आलात ना?"

"रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही."

"मागच्या आठवड्यातही दोनशेच्या वरच होती." नर्सने बोटावर कापूस दाबला. "साखरच आहे, डोन्या एर्मिनिया. बाहेर बसा, डॉक्टरबाई बोलावतील." वयस्कर बाईला इथे मानाने डोन्या म्हणतात.

बाहेर बाकावरच्या बायका सरकल्या. पन्नाशी उलटली आणि साखर नाही, अशी बाई या गावात शोधून सापडायची नाही. साठी ओलांडलेली एर्मिनिया एवढे दिवस कशी सुटली, याचंच सगळ्यांना नवल होतं. किती निघाली, हे कुणी विचारलं नाही. ते ऐकलंच होतं, आणि ऐकलं नसतं तरी विचारलं नसतं. इथे विचारायचा प्रश्न एकच असतो.

"कशाची ग तुझी?"

या गावात साखर होत नाही, ती कुणीतरी देतं. मोठा धसका बसतो, नाहीतर भयंकर राग येतो, तो रक्तात उतरतो आणि त्याची साखर होते. मग माणूस उरलेला जन्म आपल्या साखरेची गोष्ट सांगत राहतो. बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीची साखर भूकंपाची होती. तिच्या शेजारणीची बैलाची. जत्रेतला बैल सुटून तिने वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेला होता. तिसरीची साखर नवऱ्याने ठेवलेल्या बाईची. ती बाईही याच बाकावर येऊन बसायची, आणि तिची साखर हिच्या शिव्यांची होती.

"मला काही आठवत नाही," एर्मिनिया म्हणाली.

"असं कसं? कधीतरी राग आला असेल बघ."

"मला राग येत नाही."

दोमितिला मोठ्याने हसली. एर्मिनियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, म्हणजे विहिणींपेक्षा जवळच्या आणि बहिणींपेक्षा तोंडाळ. दोघींची घरंही भिंतीला भिंत लागून.

"राग येत नाही म्हणे. कोमाद्रे, तू गिळतेस. अजगरासारखी गिळतेस आणि मग पडून राहतेस."

भूकंपवाली म्हातारी पुढे वाकली. "लुसेरोचीच असणार. आधी बापाला दिली, आता आईला. काही पोरी अशाच जन्माला येतात."

एर्मिनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बोटावरचा कापूस उलटा करून पाहिला आणि पुन्हा होता तसा ठेवला.

लुसेरो तिची मुलगी, दोन मुलांतली थोरली. एकोणीस वर्षांपूर्वी, गावच्या जत्रेच्या रात्री, ती बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर पळून गेली. सकाळी तिचा बाप एलिसेओ अंगणात उभा राहून तिच्या नावाने शंख करत होता, आणि करता करता कोसळला. शहरात नेलं, रक्त तपासलं, साखर चारशेच्या वर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि सगळ्या गावाने कावळ्याला दोषी धरलं. पोरीने बापाला साखर दिली. तिला उंबरा बंद झाला. बसने दोन तासांवर ती राहते, तिला तीन मुलं आहेत, आणि त्यांतल्या एकाही मुलाने आजोबांचं तोंड पाहिलेलं नाही.

आणि घरात एक नियम लागू झाला. बापाला राग येईल असं काही बोलायचं नाही, त्याची साखर वाढेल. नियम एलिसेओनेच केला होता आणि तो त्याच्या फार सोयीचा होता. नदीकाठचं शेत त्याने बायकोला न विचारता विकलं; ती बोलायला गेली तर म्हणाला, साखर वाढेल. तिची आई वारली तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी ती माहेरी राहिली नाही, कारण त्याचं जेवण चुकलं असतं, मग त्याला राग आला असता, मग साखर. लुसेरोच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी एर्मिनिया घरी मका भिजवत बसली होती. दर आठवड्याला ती भिंतीपलीकडे जाऊन मुलीशी चोरून फोनवर बोलायची, आणि परत येताना हातात मुद्दाम कोथिंबिरीची जुडी आणायची.

"एर्मिनिया," आतून हाक आली.

डॉक्टर इत्सेल जेमतेम पंचविशीची होती. शिक्षण संपल्यावर वर्षभर खेड्यात काढावं लागतं, तसं काढत होती, आणि वर्ष संपायला आलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

"रक्ताच्या नात्यात कुणाला?"

"आईला होती. दोन मावश्यांना. मोठा भाऊ आंधळा होऊन गेला."

"बाळंतपणं?"

"दोन. रुफिनो पाच किलोचा झाला. लोक लांबून बघायला आले होते."

"लोकांनी बाळ पाहिलं. त्याच्या आईकडे कुणीतरी पाहायला हवं होतं." डॉक्टरने लिहिता लिहिता मान हलवली. "पोटुशी असताना साखर वाढलेली असली की मुलं अशी होतात. पुढे त्या बाईलाच साखर जडायची भीती असते. हे बघा, शाळेजवळच्या त्या छोट्या मुलाला आहे ती वेगळी. त्याच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही, त्याला पहिल्या दिवसापासून सुई घ्यावी लागते. तुमच्या अंगात बनतं, पण अंग त्याला जुमानत नाही. या गावात जवळजवळ सगळ्यांची तीच. आजी-आजोबांकडून आलेली, आणि वर सकाळ-संध्याकाळ ती काळ्या सोड्याची गोड बाटली."

"पण कुठल्या रागाची?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"सकाळपासून मला हे प्रत्येकीने विचारलंय. रागाची नसते, डोन्या एर्मिनिया. धसक्याचीही नसते. राग आला की आकडा थोडा वर जातो, मग उतरतो. रोग रागाने होत नाही."

"माझ्या नवऱ्याला झाली. एका रात्रीत चारशे."

"एका रात्रीत नाही होत. चारशेवर पोचण्याआधी कितीतरी महिने, कधी कधी वर्षं, ती अंगात मुक्काम ठोकून असते. आठवून बघा. त्याआधी त्यांना सारखी तहान लागायची? सारखं लघवीला? वजन उतरलं होतं?"

एर्मिनियाला पँट आठवली. जत्रेसाठी शिवलेली नवी पँट; तिचं बटण तिने जत्रेच्या आधीच दोनदा आत सरकवलं होतं. नवरा उतारवयात बारीक होतोय म्हणून तिला कौतुक वाटलं होतं. तेव्हा तो वाळूचा ट्रक चालवायचा. ट्रकमध्ये त्याने लघवीसाठी पत्र्याचा डबा ठेवला होता, कारण वाटेत सारखं थांबायला वेळ नसायचा, आणि डबा धुताना तिला त्यात मुंग्या सापडायच्या. लुसेरो तेव्हा घरीच होती. त्या दिवसांत बापाचा शर्ट तीच इस्त्री करायची.

"मग ती लुसेरोने दिलेली नाही," एर्मिनिया म्हणाली.

"लुसेरो कोण?"

एर्मिनियाने बोटावरचा कापूस टोपलीत टाकला.

"तुमच्या नवऱ्याला मी दोनदा निरोप पाठवला," डॉक्टर गोळ्यांची नावं लिहीत म्हणाली. "पायाचं एक बोट गेलंय. इन्सुलिन सुरू केलं नाही तर पाय जाईल."

"ते नाही घेणार. सुईने माणूस आंधळा होतो. माझा भाऊ झाला."

"भावाने सुई घेण्याआधी किती वर्षं काहीच घेतलं नव्हतं?"

एर्मिनियाने मनातल्या मनात वर्षांचा हिशोब केला.

"डोळे साखरेने जातात. सुई उशिरा येते, आणि नाव सुईचं होतं," डॉक्टर म्हणाली.

घराच्या वाटेवर एर्मिनियाला रडू आलं नाही. दोमितिला वाटेत भेटली, काहीतरी विचारलं, तर ती थांबली नाही. स्वतःच्या साखरेचं तिला त्या घडीला काही वाटत नव्हतं. गोळ्या घेता येतात, बाटली सोडता येते. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. रागाने साखर होत नसेल, तर तिची पोर एकोणीस वर्षं उंबऱ्याबाहेर का उभी होती? आणि ती स्वतः कुणाच्या जिवासाठी मूग गिळून बसली होती? चर्चजवळच्या चढावर तिला धाप लागली, पण ती तशीच चढून गेली.

एलिसेओ अंगणात खुर्चीवर होता. पट्टी बांधलेला पाय लाकडी खोक्यावर, शेजारी गोड पावाचे तुकडे आणि काळ्या सोड्याची अर्धी बाटली.

"काय म्हणाली ती डॉक्टर पोरगी?"

"साखर आहे."

एलिसेओने डोळे मिटून घेतले. जणू हे ऐकायचंच राहिलं होतं. "बघ. तुलाही दिली ना शेवटी? माझ्यावर भागलं नाही तिचं."

पूर्वीची असती तर एर्मिनिया स्वयंपाकघरात गेली असती. ती गेलीही, पण कपाटातलं मोजायचं यंत्र घेऊन परत आली. ते रुफिनोने, त्यांच्या मुलाने, आणून दिलं होतं. एलिसेओ ते फक्त भांडणानंतर काढायचा. बोट टोचायचा, आकडा सगळ्यांना फिरवून दाखवायचा, आणि म्हणायचा, बघा, काय केलंत माझं. मग घर आठवडाभर चिडीचूप. शांत असताना त्याने ते यंत्र कधीही बाहेर काढलं नव्हतं, आणि हे इतक्या वर्षांत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. एर्मिनियाच्याही नाही, याचा तिला आता सगळ्यात जास्त संताप आला.

"बोट द्या."

"आत्ता कशाला? मी तर शांत बसलोय."

"म्हणूनच."

त्याने बोट दिलं, काही न समजून. यंत्राने आकडा दाखवला. दोनशे सत्याऐंशी.

एलिसेओने यंत्र हलवून पाहिलं. "बिघडलंय हे."

"भांडण झालं की बरोबर चालतं वाटतं."

"एर्मिनिया, तुला झालंय काय?"

"तुम्ही बसा तसेच." तिने दुसरी खुर्ची ओढली, पण ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "मी आता रागावणार आहे. माझं झालं की पुन्हा मोजू."

तो हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

सुरुवातीला तिला जमेना. इतक्या वर्षांत सवयच राहिली नव्हती. ती कुठल्याशा फुटक्या कपाबद्दल बोलू लागली, मग तिला स्वतःचंच हसू आलं, मग एकदम शेत आठवलं. ते शेत तिच्या बापाने तिला दिलं होतं, हे ती बोलली. आईच्या नऊ दिवसांबद्दल बोलली, ज्यांतला एकही दिवस तिला मिळाला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या बाईचं नाव तिने घेतलं. ते नाव या अंगणात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. एलिसेओचे खांदे आक्रसले. भिंतीपलीकडे दोमितिलाचा झाडू थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

"हळू बोल. माझी साखर..."

"साखर, साखर काय लावलंयस?"

उभ्या जन्मात तिने त्याला अहोजाहोच केलं होतं. आता तोंडून गेलं ते गेलं, आणि परत घ्यावं असं तिला वाटलं नाही.

"तुझी साखर तुझ्या आईने दिली. तिचा पाय कुजला तेव्हा माशा मी हाकलत होते, तू ट्रकवर होतास. तिला तिच्या बापाने दिली. आणि त्यांनी दिली ती कमी पडली म्हणून तू रोज दोन बाटल्या ओतत राहिलास. जत्रेच्या आधी तुझ्या पँटचं बटण मी दोनदा सरकवलं. तुझ्या डब्यात मुंग्या लागत होत्या. तेव्हा लुसेरो कुठे पळाली होती? इथे होती. तुझे शर्ट इस्त्री करत होती."

"ती माझ्या नाकावर टिच्चून गेली, एर्मिनिया. सगळ्या गावासमोर."

"गेली. प्रेम केलं, गेली. त्याचा राग यायचा तर यावा. पण तू तिला गेल्याबद्दल शिक्षा नाही केलीस, रोगाबद्दल केलीस. चोराच्या उलट्या बोंबा. भर बाजारात बायका तिला काय म्हणतात माहितीये? बापाला साखर देणारी. तिच्या मुलांना शाळेत विचारतात. तिची धाकटी मला फोनवर काय विचारते, तर आजी, मी आले तर आजोबांची साखर वाढेल का."

एलिसेओ पायाच्या पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्या दिवशी मी पडलो कशाने?"

"आजारी होतास म्हणून."

"मग माझीच चूक का सगळी?"

हा प्रश्न त्याने भांडायला विचारला नव्हता. तो त्याला खरंच नवा होता, आणि घाबरवणारा. एर्मिनियाला क्षणभर त्याची दया आली. तिने ती बाजूला सारली, कारण ती दयाच तिला एकोणीस वर्षं नडली होती.

"साखर झाली यात कुणाची चूक नसेलही," ती म्हणाली. "पण तिची नव्हती."

मग तिने बाकीचं सांगितलं. सुईचं, डोळ्यांचं, पाय जाईल याचं. तेही तिने रागानेच सांगितलं. बोलून संपलं तेव्हा तिचा घसा बसला होता आणि आत चुलीवरचा घेवडा करपल्याचा वास येत होता. ती आत गेली, भांडं खाली उतरवलं, हात पुसत बाहेर आली.

"बोट."

त्याने या वेळी स्वतःहून पुढे केलं. यंत्राने वेळ घेतला. आकडा एलिसेओने आधी पाहिला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"दोनशे नव्याण्णव. वाढली. म्हणत होतो ना, वाढते. बघ, वाढली."

एर्मिनियाने यंत्र हातात घेतलं आणि नीट पाहिलं.

"बारा," ती म्हणाली.

"वाढली ना पण."

"एकोणीस वर्षांचा राग काढला मी. सगळा. शेतासकट, आईसकट, तुझ्या त्या बाईसकट. आणि बारा."

भिंतीपलीकडे दोमितिला खोकली.

एर्मिनियाने एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, घंटा जातेय हे ऐकलं आणि फोन नवऱ्याच्या हातात ठेवला. तो कुणाचा नंबर आहे हे त्याने विचारलं नाही.

"आई?" पलीकडून आवाज आला. मागे लहान मुलं कशावरून तरी भांडत होती. "आई, आज इतक्या लवकर?"

एलिसेओने घसा साफ केला. "मी बोलतोय."

मुलांचा आवाज एकाएकी दूर गेला. तिने दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावलं असावं. काय बोलायचं ते एलिसेओला माहीत नव्हतं. मग त्याला जी एकच बातमी माहीत होती ती त्याने सांगितली.

"तुझ्या आईला साखर झालीय."

मग लुसेरोचा आवाज आला, घाईघाईचा, लहान झालेला. अडतीस वर्षांच्या बाईचा तो वाटत नव्हता.

"पापा, या वेळी मी काहीच केलेलं नाही. खरंच नाही. तुम्ही आईला विचारा."

एलिसेओने फोन कानापासून दूर केला. त्याने तो फोन एर्मिनियापुढे धरला, घे म्हणून.

एर्मिनियाने हात पुढे केला नाही.

"तू बोल," ती म्हणाली. "ती ऐकतेय."